उद्यमबागेत "माणूस मिळेना" आणि घरात "काम मिळेना", दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

मच्छेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी बेळगावजवळच्या मच्छेचा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) चौदा वर्षं झाली, मोल्डिंगपासून म्हणजे साचे करण्यापासून सुरुवात केली, आता फेटलिंगला म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला सुपरवायझर आहे. कंपनीचं नाव घेत नाही, घ्यायचं कारण पण नाही, कारण जे सांगणार आहे ते आजूबाजूच्या बऱ्याच शेडमध्ये तसंच आहे.

आमच्याकडचा हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचा माल अमेरिकेला जायचा. आमच्याकडून थेट नाही, आमच्या गिऱ्हाईकाकडून मशिनिंग होऊन. २७ ऑगस्ट २०२५ पासून तिकडे भारताच्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के शुल्क लागलं, त्यानंतर आधी "थांबा" आला, मग "निम्मं पाठवा" आला. दिवाळीपर्यंत आठवड्यात सहा दिवस चालणारी भट्टी चार दिवसांवर आली. कायमच्या माणसांना कोणी हात लावला नाही, खरं कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना "फोन करतो" म्हणून घरी पाठवलं आणि तो फोन काही आला नाही. ओटी (ओव्हरटाइम) बंद. ज्याला बाहेरून ओटी म्हणजे वरची कमाई वाटते त्याला सांगतो, आमच्यात पगारातून घर चालतं आणि ओटीतून पोरांची फी आणि गाडीचा हप्ता जातो.

गेटसमोर एक मावशी चहाचा गाडा लावतात. पूर्वी दहाच्या सुट्टीला दोन मोठ्या किटल्या संपायच्या, आता एक उरते. दुपारी भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा पण द्यायच्या, तो बंद केलाय. मागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांवर "टू लेट"च्या पाट्या. अमेरिकेतल्या एका कागदाचा परिणाम मावशींच्या किटलीपर्यंत येतो हे मी डोळ्यांनी बघितलं.

आता माझा खरा प्रश्न. त्याच आठवड्यात, त्याच रस्त्यावर, चार शेडच्या गेटवर "सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, हेल्पर पाहिजेत" असे बोर्ड आहेत (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन). मालक लोक भेटले की एकच बोलतात, माणूस मिळेना ओ. आणि माझ्या भावाचा मुलगा आयटीआय टर्नर करून आठ महिने घरी बसलाय. कोण खोटं बोलतंय? का कोणीच नाही? आणि त्याला चाकणला पाठवावं का इथंच धरून ठेवावं, घरात रोज यावरूनच बोलणं होतं, त्याची आई रडते. जाणकारांनी जरा समजावून सांगा.

---

खानापूरचा_मास्तर

मच्छेकर अण्णा, कोणीच खोटं बोलत नाही असं मला वाटतं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, हा विषय दरवर्षी पोरांना शिकवताना उद्यमबागेचंच उदाहरण देतो, म्हणून जरा लांब लिहितो.

पुस्तकात मजुरीचा बाजार म्हणजे सगळा देश एक मोठी मंडई, इथं भाव पडला की माणूस तिकडे जातो. प्रत्यक्षात माणसाचा बाजार म्हणजे सकाळी डबा घेऊन निघून रात्री घरी परत येता येईल एवढाच पट्टा. अमेरिकेत डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या तिघांनी देशाचे असे ७२२ पट्टे पाडले आणि चीनचा स्वस्त माल आल्यावर कुठल्या पट्ट्यात काय झालं ते बघितलं. जिथं फर्निचर, खेळणी, कपडे बनायचे तिथं कारखाने बंद पडले, ते अपेक्षितच होतं. सगळ्यांना धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा, की लोक तिथून फारसे हललेच नाहीत. काम गेलं, मजुरी उतरली, सरकारी मदतीवरची माणसं वाढली, पण माणूस गावातच राहिला. १९९० ते २००७ मध्ये अख्ख्या अमेरिकेतल्या कारखान्यांतल्या जेवढ्या नोकऱ्या कमी झाल्या त्यातला साधारण चौथा हिस्सा त्यांनी चीनच्या मालामुळे धरला.

आपल्याकडचं पण आहे. १९९१ नंतर भारतानं आयात शुल्क खाली आणलं, १९९० ला सरासरी ८० टक्क्यांच्या वर होतं ते १९९६ पर्यंत चाळीसच्या खाली आलं. पेटिया टोपालोव्हा यांनी जिल्ह्यांची तुलना केली. ज्या जिल्ह्यांच्या धंद्यांवरचं संरक्षण जास्त उतरलं तिथल्या खेड्यांत गरिबी बाकीच्या जिल्ह्यांपेक्षा कमी वेगानं हटली, आणि तिथूनही लोक फारसे बाहेर गेले नाहीत. कारण तुम्हाला आम्हाला माहीतच आहे, दोन एकर शेत आहे, म्हातारी माणसं आहेत, घर स्वतःचं आहे, आणि अडीअडचणीला धावून येणारी भावकी पण इथंच आहे. चाकणला पगार जास्त दिसतो खरं खोलीभाडं, मेस आणि महिन्यातून एकदा गावाला येणं वजा केलं की किती राहतं ते तुमच्या पुतण्यानं कागदावर मांडून बघावं.

आता "माणूस मिळेना"चं. पट्ट्यात मालक मोजके असले की मजुरी बाजार ठरवत नाही, मालकच ठरवतो, थोडीफार तरी. समजा एका शेडमध्ये वीस हेल्पर आहेत आणि अजून दोन पाहिजेत. त्या दोघांना हजार रुपये जास्त देऊन आणता येईल, पण मग आधीचे वीस जण दुसऱ्या दिवशी दारात उभे, आम्हाला पण द्या. म्हणजे दोन माणसं बावीस हजाराला पडली, वर त्यांचा पगार वेगळा. म्हणून मालक बोर्ड लावून ठेवतो आणि दर तोच ठेवतो. बोर्ड खरा आहे. फक्त त्यावर "या पगारात" हे दोन शब्द लिहिलेले नाहीत.

याला धरून एक प्रसिद्ध अभ्यास आहे. १९९२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी हद्दीच्या दोन्ही बाजूची चारशेवर बर्गरची हॉटेलं आधी आणि नंतर तपासली. सगळे म्हणत होते नोकऱ्या जातील. गेल्या नाहीत, मालकच दर दाबून धरत असला तर असं होऊ शकतं. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा भाग आहे, क्रूगर तोवर वारले होते. मी हे वाचतो तेव्हा मला आपल्या हद्दीवरची गावं, बाची आणि शिनोळीच दिसते बघा. मधे एक कमान, इकडे कर्नाटकाचा कायदा, तिकडे महाराष्ट्राचा, आणि माणसं तीच, एकमेकांची सोयरीक असलेली.

---

वर्कशॉप_थर्डस्टेज

मास्तर, तुमचं बावीस हजाराचं गणित बरोबर आहे, मी मालकाच्या बाजूचा माणूस असून सांगतो. माझ्याकडे चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी (त्यातलाच मिलिंगचा प्रकार), जॉबवर्क करतो म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मशिनिंग करून देतो, अकरा माणसं. खरं माझी बाजू पण ऐकून घ्या.

मी पगार वाढवू शकत नाही कारण माझा दर मी ठरवत नाही. मोठं गिऱ्हाईक पीसचा दर सांगतं, पटलं तर घ्या नाहीतर कोल्हापूरला शिरोली-गोकुळ शिरगावात दुसरा उभाच आहे. म्हणजे माणसापुढं मी जसा मोजक्यातला एक, तसा माझ्यापुढं तो मोजक्यातला एक. वर पैसे ९० दिवसांनी. एप्रिल २०२४ पासून ४५ दिवसांचा नियम इन्कमटॅक्समध्ये बसवला, लहान उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. चांगलाच नियम आहे, माझी मार्चअखेरची वसुली सुधारली, हे मान्य करतो. तरी एका ठिकाणी मला तोंडी सांगितलं गेलं की बिलाची तारीख आम्ही सांगू ती टाका. टाकली. काय करणार, अकरा घरं आहेत.

आणि अजून एक, मला फक्त हात नको आहेत. ड्रॉइंग वाचणारा, ऑफसेट (टूलच्या झिजेची दुरुस्ती) घालता येणारा, मायक्रोमीटरनं मोजून स्वतः करेक्शन देणारा ऑपरेटर पाहिजे. आयटीआयमधून पोरगं येतं त्याला साधा लेथ येतो, कंट्रोलर लांबून बघितलेला असतो. त्याला तयार करायला मला सहा महिने लागतात, एखादं इन्सर्ट (कापणारं टोक) नाही तर आख्खा टूल होल्डर मोडतो, आणि तयार झाला की हत्तरगीच्या विमानाच्या पार्टवाल्या एसईझेडमध्ये नाहीतर पुण्याला जातो. त्याचं चुकत नाही. खरं मग शिकवायचा खर्च कोण करणार हा प्रश्न राहतोच, म्हणून सगळे "अनुभवी पाहिजे" असाच बोर्ड लावतात आणि अनुभव द्यायला कोणी तयार नाही. तुमचा पुतण्या आठ महिने घरी बसलाय तो याच फटीत अडकलाय.

---

येळ्ळूरकर_०७

सगळं बरोबर आहे ओ, खरं मूळ मुद्दा कोणी बोलेना. फौंड्रीत बघा, मोल्डिंगला ओडिशा, फेटलिंगला बिहार, यूपी. बाहेरचे कमी पैशात येतात म्हणून आपल्या पोरांना काम नाही, एवढं सरळ आहे.

---

वर्कशॉप_थर्डस्टेज

दादा, राग समजतो, खरं २०२० ला काय झालं ते आठवा. मे महिन्यात श्रमिक रेल्वेनं ती माणसं गावाला गेली. माझ्या शेजारच्या फौंड्रीनं गावागावात रिक्षा फिरवून सांगितलं, आठ-दहा जण आले, गरम कास्टिंग, ग्राइंडरची धूळ, दोन आठवड्यात बरेच परत गेले. मोल्डिंग थांबलं म्हणून कास्टिंग नाही, कास्टिंग नाही म्हणून माझी मशीनं बंद, आणि माझ्या मशीनवर सगळी आपलीच पोरं होती, कंग्राळी, पिरनवाडी, येळ्ळूरची. म्हणजे ते गेल्यावर आपल्या पोरांना काम मिळालं नाही, उलट होतं ते पण थांबलं.

---

खानापूरचा_मास्तर

यावर पण कार्ड यांचंच काम आहे. १९८० ला क्युबातून सव्वा लाखाच्या आसपास माणसं काही महिन्यांत अमेरिकेत बोटींनी आली, निम्मी मायामी शहरातच राहिली, शहराचे कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले. तरी तिथल्या जुन्या कामगारांच्या मजुरीत त्यांना मोठी घट सापडली नाही. मात्र येळ्ळूरकर दादांचं म्हणणं एकदम सोडून देण्यासारखं नाही. जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे पुन्हा काढले आणि शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांपुरतं बघितलं तर त्यांची मजुरी बरीच उतरलेली दिसली. तो वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे पण टर्नरला जे लागू ते बिगारी काम करणाऱ्याला लागू असेलच असं नाही.

---

वडगावची_सून

मी इथं वाचतेच फक्त, लिहीत नाही, खरं आज लिहिते कारण सगळे फौंड्रीचंच बोलताहेत आणि वडगाव-खासबागचे माग कोणाला आठवेनात.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात चार माग होते. सासरे आणि दीर माग चालवायचे, मी आणि सासूबाई कांड्या भरायचो, बिम (ताण्याचा रूळ) बदलायचा असला की शेजारची जोडणीवाली माणसं यायची. शेट सूत द्यायचा, साडीमागं मजुरी, शनिवारी रोख हातात. २०१६ च्या नोव्हेंबरात ८ तारखेला नोटा बंद झाल्या. देशातल्या चलनाचे ८६ टक्के एका रात्रीत गेले म्हणतात, आमच्यात तर शंभर टक्केच गेले कारण घरात होत्या त्या सगळ्या पाचशेच्याच. पहिल्या शनिवारी शेटनं जुन्याच नोटा दिल्या, "बँकेत भरा" म्हणाला. भरायला एक माणूस सकाळपासून लायनीत, म्हणजे त्या दिवशी दोन माग बंद. दुसऱ्या शनिवारी त्याच्याकडे पण नव्हत्या. तिसऱ्याला म्हणाला साड्याच उचलेनात, लग्नाची खरेदी थांबली, सूत देत नाही. मग चार दिवसांच्या कामावर तीन माणसं कशी बसवायची, म्हणून दीर गवंड्याच्या हाताखाली गेला.

त्यातून उठेपर्यंत जुलै २०१७ ला जीएसटी आला. पॉलिस्टरच्या सुतावर १८ टक्के, कापडावर ५. ऑक्टोबरात सुतावरचा १२ केला. मोठ्या शेटना सीए असतात, त्यांनी जमवलं. आमचा शेट लहान होता, तो दुकान बंद करून सुरतेचा माल आणून विकायला लागला. त्याचं पोट भरलं, खरं आमच्यासारखी आठ घरं सुताविना राहिली. २०२० च्या लॉकडाऊनला राहिलेले दोन माग पण गेले. विकले म्हणजे कोणी चालवायला घेतले नाहीत, भंगारवाला वजनावर घेऊन गेला. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. माग उचलल्यावर फरशीवर चार पायांचे तेलाचे डाग राहिले ते अजून आहेत, मी घासून बघितले, जात नाहीत.

आता माझं. आधी मी गल्लीतच एका ठिकाणी पॅकिंगला जायचे, जे देतील ते घ्यायचे, कारण लांब जायचं म्हटलं तर बसलाच दिवसाचे चाळीस रुपये. ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली. मी पंधरा दिवसांनी लांबच्या एका शिलाई युनिटमध्ये विचारायला गेले, तिथं महिन्याला अडीच हजार जास्त मिळाले. मी सोडून जाते म्हटल्यावर गल्लीतल्या मालकानं माझ्या जागेवरच्या बाईला आठशे वाढवून दिले. मास्तर, तुमच्या मालक मोजके असण्याच्या गोष्टीत हे बसतं का बघा. लोक म्हणतात बायकांना फुकट बस म्हणजे देवदर्शनाला फिरायला सोय. मी सकाळी पावणेआठच्या बसला रोज बघते, सगळ्यांच्या हातात डबे असतात.

---

खानापूरचा_मास्तर

वहिनी, बसतंच. मी वर्गात जे दोन तास सांगतो ते तुम्ही चार ओळीत सांगितलं. पट्टा मोठा झाला की मालक वाढतात, आणि गेलेल्या माणसाचा फायदा राहिलेल्याला पण होतो. नोटबंदीवर पण जिल्हावार अभ्यास झालाय, नव्या नोटा कुठल्या जिल्ह्यात कमी पोचल्या ते बघून, आणि धंदा चालतो तिथं रात्री दिवे जास्त, म्हणून उजेड किती कमी झाला ते उपग्रहाच्या रात्रीच्या फोटोवरून मोजून. जिथं नोटा कमी पोचल्या तिथं काम आणि उजेड दोन्ही जास्त उतरले.

---

चंदगडी_काजू

मी हद्दीच्या पलीकडचा, शिनोळी एमआयडीसीत कामाला, म्हणून तिकडची बाजू टाकतो.

आमच्या लाईनवर निम्मी माणसं कर्नाटकातली, बाची, तुरमुरी, उचगाव, कुद्रेमनी. पगार मराठी-कानडी बघून होत नाही, कॉन्ट्रॅक्टर बघून होतो. बाकी कामावर मात्र हद्दीचा फरक पडतो. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर कर्नाटकात दिवसाला ३७० आणि महाराष्ट्रात ३१२ होता. एकाच ओढ्याच्या दोन काठांवर चर खणायचे, ५८ रुपयांचा फरक. पावसाळा सरला की आमच्या इकडे काजूच्या युनिटना सोलायला बाया लागतात, तेव्हा पलीकडच्या बाईला विचारलं तर ती आधी पंचायतीत काम निघालंय का बघते. युनिटवाला चिडतो, खरं त्यानंही किलोचा दर वाढवलाच की मागच्या वर्षी. याचाही अभ्यास मास्तरांकडे असणार.

महिन्याचे पैसे पण वेगळे, तिकडे गृहलक्ष्मीचे २०००, इकडे लाडक्या बहिणीचे १५००. आमच्या घरात सून इकडची आणि लेक तिकडं दिलेली, सणाला बसल्या की हाच हिशोब.

खरं सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगू, बस बंद पडण्याचा. फेब्रुवारी २०२५ ला कंडक्टरला मारहाणीवरून मराठी-कानडी वाद झाला आणि दोन्ही राज्यांच्या बसा थांबल्या. ज्यांच्याकडे गाडी ते आले. शक्तीच्या बसनं बाचीला उतरून शिनोळीपर्यंत चालत येणाऱ्या दोघी-तिघी तेवढ्या येत राहिल्या. चंदगडहून बेळगावला दुकानात, दवाखान्यात कामाला जाणाऱ्या पोरींचे मात्र खाडे पडले, आणि खाड्याचे पैसे कापायला कोणी भाषा बघितली नाही. मोर्चे निघतात तेव्हा आमच्या पट्ट्याला दोन तुकडे करून बोलतात. आम्हाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असतं.

---

खानापूरचा_मास्तर

आहे अभ्यास. क्लेमेंट इंबर्ट आणि जॉन पॅप यांचा. रोजगार हमीची ही योजना २००६ पासून टप्प्याटप्प्यानं जिल्ह्यांत आली, त्यामुळे आधी आलेले आणि नंतर आलेले जिल्हे ताडून बघता आले. कोरड्या हंगामात खाजगी कामाची मजुरी पण जवळपास ५ टक्क्यांनी वाढलेली सापडली. सरकारी कामावर गेला त्यालाच नाही, शेतावर राहिला त्यालाही मिळालं. काजूवाल्यानं दर वाढवला ते त्यातलंच.

---

मच्छेकर

सगळ्यांचे आभार. वहिनींचं वाचून हात थांबला. मागाच्या बाजूच्या चौकटी बिडाच्या असतात, त्या फोडून आमच्या स्क्रॅप यार्डात येतात. मी स्वतः कितीतरी वेळा भट्टीत टाकायला लावल्यात, बिड चांगलं असतं म्हणून मागणी असते. कुठून येतात कधी विचारलं नव्हतं. त्यातूनच ओतलेला माल अमेरिकेला जात होता, आता तोही थांबलाय.

पुतण्याशी काल बसून मास्तर म्हणाले तसं कागदावर मांडलं. चाकणला खोली, मेस, येणंजाणं काढून इथल्यापेक्षा महिन्याला साडेतीन हजारच जास्त राहतात, तेही ओटी धरून. तो म्हणतो शिकायला मिळणार असेल तर कमी पैशात इथं राहतो.

वर्कशॉपवाले दादा, तुम्ही म्हणालात सहा महिने लागतात. ते सहा महिने तो निम्म्या पगारावर यायला तयार आहे, टूल होल्डर मोडला तर मी भरून देतो. फक्त एक, सहा महिन्यांनी पूर्ण पगार किती ते आज सांगा, आणि पीएफ-ईएसआय पहिल्या दिवसापासून भरा. सोमवारी भट्टी बंद आहे, त्याला घेऊन थर्ड स्टेजला तुमच्या वर्कशॉपवर येतो.

---

वर्कशॉप_थर्डस्टेज

या. निम्म्यावर नको, मुलगा आहे, जेवणाखाणाचा खर्च असतोच, पाऊण पगार देतो आणि पीएफ-ईएसआय भरतो. होल्डरचे पैसे घेणार नाही. सहा महिन्यांनंतरचा आकडा लिहून देतो, खरं त्यानंही वर्षभर सोडणार नाही असं लिहून द्यावं. आठला या, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि आधार घेऊन या, आणि त्याला म्हणावं व्हर्निअरचं रीडिंग रविवारी एकदा बघून ये.